वॉलरसच्या आत कॅब कॅलोवे: १९३२ च्या एका कार्टूनची पूर्ण केस

१९३२ साली न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओने आठेक मिनिटांचं एक ब्लॅक अँड व्हाइट कार्टून काढलं, नाव ‘मिनी द मूचर’. पॅरामाउंटने ते थिएटरांत लावलं. नायिका बेटी बूप, सोबतीला तिचा मित्र बिंबो (हा कुत्रा आहे), आणि गाणं कॅब कॅलोवे या काळ्या जॅझ गायकाचं. ऐकायला साधी गोष्ट. पण ज्या माणसाच्या गाण्यावर ही अख्खी फिल्म उभी आहे तो सुरुवातीला खराखुरा पडद्यावर दिसतो, मग गायब होतो, आणि परत येतो तो एका भुताच्या रूपात, भूत तेही वॉलरसचं (बर्फाळ समुद्रातला सुळेवाला अवजड प्राणी). सुळे वॉलरसचे, धूड वॉलरसचं, चाल मात्र शंभर टक्के कॅबची. हे असं का झालं, यात कोणाला काय मिळालं आणि जे जमलं ते नेमकं कशामुळे जमलं, एवढंच इथे बघायचंय.

आधी स्टुडिओबद्दल. मॅक्स आणि डेव्ह हे फ्लायशर बंधू, क्राकोहून अमेरिकेत आलेलं ज्यू कुटुंब, आणि मॅक्सचं डोकं कायम यंत्रांत. त्याने १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये पेटंट मिळालं ते रोटोस्कोपचं. कल्पना अशी की खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं, मग ती फिल्म एकेक फ्रेम करत काचेवर मागून पाडायची, काचेवर कागद ठेवायचा आणि दिसतंय ते पेन्सिलने गिरवायचं. सुरुवातीचे प्रयोग डेव्हला जोकरचे कपडे घालून केले आणि त्यातून कोको नावाचा जोकर जन्माला आला. गिरवणं म्हटलं की आपल्याला कॉपी वाटते, शाळेत बोलणी बसायची अशासाठी. पण गिरवताना बाह्यरेषा वेगळ्याच कोणाची तरी काढली तर? म्हणजे आतली हालचाल माणसाची, बाहेरचं कातडं जोकरचं. ही खुबी फ्लायशर लोकांना पंधरा वर्षं आधीपासून ठाऊक होती, आणि कॅबच्या वेळी तीच कामाला आली.

आणखी एक गोष्ट, गाणं आणि चित्र जुळवायचं काम हे लोक डिस्नेच्याही आधीपासून करत होते. १९२४ पासून त्यांची गाण्यांची कार्टून्स चालू होती, पडद्यावर शब्द यायचे, त्यांच्यावर एक उड्या मारणारा चेंडू फिरायचा आणि थिएटरातली पब्लिक त्याच्या मागे गायची. डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ने १९२८ मध्ये जो गाजावाजा केला त्याच्या दोन वर्षं आधी यांच्या काही रिळांना आवाज लागलेला होता. पण पैसा आणि प्रसिद्धी गेली कॅलिफोर्नियाला. डिस्ने गोड झाला, नीटनेटका झाला, शेतातली गायी-कोंबड्यांची दुनिया. फ्लायशर राहिले ब्रॉडवेवर, १६०० नंबरच्या इमारतीत, आणि त्यांची कार्टून्स त्या शहरासारखीच गर्दीची, थोडी घाणेरडी, जरा चावट. मला वैयक्तिक विचाराल तर त्या काळातला डिस्ने मी एकदा बघून सोडून देतो, फ्लायशर परत परत लावतो.

बेटी पहिल्यांदा दिसली ऑगस्ट १९३० मध्ये ‘डिझी डिशेस’मध्ये, ग्रिम नॅटविक या अ‍ॅनिमेटरने काढलेली, आणि तेव्हा ती चक्क कुत्री होती, लोंबते कान वगैरे. १९३२ उजाडेपर्यंत ते कान जाऊन तिथे गोल कानातली आली आणि ती पूर्ण बाई झाली, बिंबो बिचारा कुत्राच राहिला. याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही, कार्टूनात चालतं.

आता कॅब. जन्म १९०७ चा, रॉचेस्टरचा, वाढला बाल्टिमोरमध्ये. १९३१ पासून हार्लेमच्या कॉटन क्लबात त्याचा बँड, जिथे आधी ड्यूक एलिंग्टन या जॅझ संगीतकाराने नाव काढलं होतं. या क्लबचं एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय ही केस कळणार नाही. स्टेजवर सगळे काळे कलाकार, आणि समोर गिऱ्हाईक सगळं गोरं. काळ्या माणसांच्या वस्तीतला क्लब, आणि त्या वस्तीतल्या माणसाला तिकडे बसून ऐकायची सोय नाही. मालक ओनी मॅडन, दारूबंदीच्या काळातला नामचीन गँगस्टर. पण क्लबातून रेडिओवर थेट प्रक्षेपण व्हायचं, त्यामुळे कॅबचा आवाज देशभर घराघरांत गेला, आणि आवाजाला पाटी लावून बाहेर बसवता येत नाही ना.

३ मार्च १९३१ ला त्याने ‘मिनी द मूचर’ रेकॉर्ड केलं, ब्रन्सविक कंपनीसाठी. चाल जुन्या ब्लूजच्या वळणाची, गोष्ट मिनी नावाच्या एका बाईची, जी वाईट संगतीला लागते, अफूच्या अड्ड्यावर जाते आणि धुंदीत स्वीडनच्या राजाची स्वप्नं बघते. शब्द सगळे नशेडी लोकांच्या बोलीतले, ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीचे ठेका धरून बसतात. आणि मधेमधे ते प्रसिद्ध ‘हाय-डी-हाय-डी-हो’. कॅब सांगायचा की एका थेट प्रक्षेपणात तो शब्दच विसरला, तोंडाला येईल ते निरर्थक बोल गायला लागला, वादकांनी ते उचलले, मग श्रोत्यांनी उचलले आणि पुढे तेच गाण्याची ओळख होऊन बसलं.

तर आता परिस्थिती काय होती बघा. मंदी जोरात, पॅरामाउंटची आर्थिक तब्येत इतकी खालावलेली की १९३३ च्या सुरुवातीला कंपनी कोर्टाच्या ताब्यात गेली. कार्टून स्टुडिओला हवं होतं गाजलेलं गाणं, आणि बँडला हवी होती देशभरातली थिएटरं, कारण त्या काळी मोठ्या थिएटरात सिनेमाबरोबर स्टेजवर बँड वाजवायचे. त्यामुळे कार्टून हे बँडसाठी ट्रेलरच होतं: आज आठ मिनिटं कार्टूनात बघा, पुढे प्रत्यक्ष बघायला या. दोघांनाही परवडणारा सौदा. न्यूयॉर्कमध्ये असल्याचा फायदा हा असा, ब्रॉडवेच्या स्टुडिओपासून कॉटन क्लब साधारण पाच मैलांवर. हॉलिवुडात बसून हे इतक्या सहज जमलं नसतं.

फिल्म सुरू होते ती खऱ्या कॅबने. मागे बँड, पुढे तो, हातात काही नाही, आणि माणूस नुसता डुलतो, घसरतो, पाय जमिनीला चिकटलेत की तरंगतायत ते कळत नाही. आज हा कॅबचा चित्रपटातला सर्वांत जुना माहीत असलेला तुकडा मानला जातो. एवढ्याशा तुकड्यात तो मागे घसरत जाण्याची जी चाल दाखवतो ती बघून पुढच्या पिढ्यांना मूनवॉक आठवतो, कॅबचं स्वतःचं म्हणणं होतं की आमच्या काळी याला ‘बझ’ म्हणायचे.

मग कार्टून. बेटी जेवणाच्या टेबलावर, आईवडील बसलेत, वडील जर्मन-यिडिश वळणाच्या इंग्रजीत तिच्यावर खेकसतायत, जेवत का नाहीस म्हणून. म्हणजे बेटी इथे थेट स्थलांतरितांच्या घरातली पोरगी आहे, फ्लायशरांच्या स्वतःच्याच घरातली म्हणा हवं तर. वडिलांचं बोलणं थांबतच नाही तेव्हा त्यांच्या डोक्याचा चक्क ग्रामोफोन होतो, आणि आई येऊन रेकॉर्ड बदलते. मला हा अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात हुशार विनोद वाटतो, कारण एकही शब्द न बोलता सांगून टाकलंय की या घरात कोणती रेकॉर्ड लागते, आणि पुढे बेटी ज्या गुहेत जाणार आहे तिथे कोणती. बेटी रडते, तेही १९११ मधल्या एका जुन्या रडक्या गाण्यावर, मग चिठ्ठी लिहून बिंबोबरोबर घर सोडते.

अंधार पडतो, दोघं घाबरून एका गुहेत शिरतात. समोरून पांढुरकं काहीतरी येतं, वॉलरस. ते तोंड उघडतं आणि कॅबचा आवाज. इथून पुढचा भाग डोळे फाडून बघा. वॉलरस खांदा पाडतो तसा मागचा पाय सरकतो, हात लोंबतो पण बोटांत ताण आहे, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तो क्षणभर अडखळल्यासारखा करून ताल पकडतो. नुसतं मनाने काढलेलं कार्टून असं अडखळत नाही. त्या काळच्या कार्टूनातली पात्रं ठोक्यावर सगळी एकसारखी वरखाली होतात, स्प्रिंग लावल्यासारखी. वॉलरसचं तसं नाही. तो ठोक्याच्या जरा मागे राहतो, मग घाईने गाठतो, परत रेंगाळतो. जॅझ म्हणजे हेच तर आहे, आणि हे कागदावर बसून कोणाला सुचलेलं नाही, ते फिल्मवर पकडलेल्या एका माणसाच्या शरीरातून आलंय.

फ्लायशरांकडे साधारण पद्धत उलटी होती: आधी चित्रं काढायची, मग पडद्यावर बघत बघत कलाकारांनी संवाद बोलायचे, म्हणून तर पुढे त्यांच्या पॉपाय या कार्टून खलाशाचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं आलं. गाण्याच्या बाबतीत तसं चालत नाही. इथे कॅबचं नाचणं आधी फिल्मवर आलं, आणि गिरवणाऱ्यांच्या हातात पडलं तेव्हा ताल त्याच्यात भरलेलाच होता. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एका मिनिटाच्या नाचाला १४४० फ्रेम. त्यातला ठोका कुठल्या फ्रेमवर पडतो हे मोजून काढायची गरज उरली नाही, कॅबच्या टाचेने ते आधीच ठरवून दिलं होतं. श्रेयात अ‍ॅनिमेटर म्हणून विलर्ड बाउस्की आणि राल्फ समरव्हिल यांची नावं आहेत, दिग्दर्शक डेव्ह फ्लायशर. पण माझ्या मते या फिल्मचा एक अ‍ॅनिमेटर कॅब आहे, ज्याला पेन्सिल धरता येत नसली तरी बिघडलं नाही.

बाजूला काय चाललंय तेही बघा. सांगाडे बारवर दारू ढोसतायत (दारूबंदी अजून उठली नव्हती, ती उठली १९३३ मध्ये). कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातली भुतं गजांतून आरपार जाऊन विजेच्या खुर्चीत बसतात. एक मांजरी, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा, पिल्लांना पाजते. गाण्यात मिनीची गोष्ट चाललीय आणि चित्रात मिनी कुठेच नाही! नाव तिचं, गाणं तिचं, ती स्वतः एका फ्रेममध्येसुद्धा नाही. आधी मला ही ढिलाई वाटायची, गाणं एकीकडे आणि चित्रं भलतीकडे. आता मला वाटतं मिनीची जागा रिकामी ठेवलीय कारण समोर बेटी थरथरत बसलीय, आणि घर सोडलेल्या पोरीचं काय होतं ते तिला ऐकवलं जातंय. मिनीला दाखवलं असतं तर अफूही दाखवावी लागली असती, मग पॅरामाउंटही दचकलं असतं. सांगाडे आणि तुरुंग दाखवून काम भागवलं, नशेचा शेवट कुठे होतो ते दाखवलं, नशा दाखवली नाही. हे जाणूनबुजून केलेलं असो वा आठवड्याच्या घाईत झालेलं, परिणाम चोख आहे.

आणि ‘हाय-डी-हो’ला भुतं जबाब देतात, ही दुसरी जमलेली गोष्ट. शाहिराने ओळ टाकावी आणि मागच्या झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ करत ती उचलावी तसा हा प्रकार, कॅबचं सगळं गाणं त्यावरच चालतं. क्लबात झील धरायला गोरे श्रोते असायचे, टेबलावर हात आपटत. कार्टूनात ती जागा सांगाड्यांनी घेतलीय. हा टोमणा आहे का? मला तरी तो टोमणा म्हणूनच बघायला आवडतो.

असे निरर्थक बोल आपल्याकडेही आले, जरा उशिरा आणि वेगळ्या वाटेने. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, गोव्याचे वादक ते ऐकून तयार झाले, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटसारखे लोक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरले, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ मध्ये ‘ईना मीना डीका’ करून टाकलं. कॅबची थेट नक्कल नाही ती, पण नातं त्याच घराण्याचं.

शेवटी पाठलाग सुरू होतो, संगीत ‘टायगर रॅग’ या जलद जॅझ चालीच्या वेगाने धावायला लागतं, सगळी भुतं मागे, बेटी घरी पळते आणि पांघरुणात शिरते. तिने लिहिलेली चिठ्ठी फाटते आणि उरलेल्या शब्दांत ‘होम स्वीट होम’ एवढंच राहतं. हा शेवट मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. फिल्मचा सगळा जीव गुहेत आहे आणि घर कंटाळवाणं दाखवलंय, मग शेवटी घरच बरं म्हणायचं, हे कोणाला तरी खूश ठेवायला केलेलं. बघणारा बाहेर पडताना वॉलरसच गुणगुणत जातो.

आता अवघड भाग. काळ्या गायकाला माणूस म्हणून फक्त सुरुवातीच्या तुकड्यात ठेवायचं आणि गोष्टीत आणताना भूत करायचं, याला काय म्हणायचं? सरसकट वंशवाद म्हणून मोकळं होता येतं, पण त्याच स्टुडिओने त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग या काळ्या जॅझ ट्रम्पेटवादक-गायकाला घेऊन जे कार्टून केलं ते शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक कळेल. तिथे जंगल, नरभक्षक, आणि एका नरभक्षकाचं मुंडकं आकाशातून बिंबो-कोकोच्या मागे उडत येतं ते हळूहळू आर्मस्ट्राँगचं खरं डोकं होतं. बँडचा ड्रमर आणि हंडी ढवळणारा नरभक्षक यांची पण अशीच सांधेजोड. संगीत फर्स्ट क्लास, आणि चित्र बघवत नाही. तिथे चेहरा घेतला आणि त्याची टिंगल केली. इथे चेहरा टाकून दिला आणि शरीराची चाल जशीच्या तशी, अगदी जपून, ठेवली. वॉलरसमध्ये हेटाळणी नाही, तो पूर्ण फिल्ममध्ये सगळ्यात देखणा हलणारा जीव आहे. तरी कॅबला बेटीच्या शेजारी माणूस म्हणून उभं राहता आलं नाही हेही खरंच, आणि हे दोन्ही एकदम मनात ठेवावं लागतं. क्लबात काय होतं? स्टेज त्याचं, टेबल दुसऱ्यांचं. कार्टूनातही तोच हिशोब.

याच वर्षी आणखी एक प्रकरण कोर्टात गेलं ते या संदर्भात आठवतंच. हेलन केन या गोऱ्या गायिकेने फ्लायशर आणि पॅरामाउंटवर अडीच लाख डॉलरचा दावा लावला, की बेटी म्हणजे माझीच नक्कल, ते ‘बूप-बूप’ माझं. १९३४ मध्ये ती हरली, आणि खटल्यात जे पुढे आलं ते भारी होतं: बेबी एस्थर नावाची एक काळी बालकलाकार क्लबात अशीच लाडिक निरर्थक बोलांची गाणी म्हणायची आणि केनने तिचा कार्यक्रम बघितला होता. एस्थरची बोलकी फिल्मसुद्धा कोर्टात दाखवली. स्टुडिओ खटला जिंकला, म्हणजे ‘ही शैली तुझी नाही, एका काळ्या पोरीची आहे’ असं सिद्ध करून जिंकला, आणि त्या पोरीला त्यातून काही मिळालं नाही. कॅबला निदान नाव आणि तिकिटं मिळाली.

कॅब-बेटी जोडी चालली, म्हणून १९३३ मध्ये आणखी दोन झाली. ‘स्नो-व्हाइट’मध्ये कोको जोकर लांब तंगड्यांचं भूत होऊन ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ गातो, आतून पुन्हा कॅब. हे कार्टून रोलंड क्रँडलने जवळजवळ एकट्याने काढलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत गेलं. कारागिरीत ते ‘मिनी’पेक्षा सरस आहे हे मान्य, पण तिथे सगळं इतकं ठासून भरलंय की नाचाकडे लक्ष कमी जातं. तिसरं ‘द ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’, त्यात म्हाताऱ्याच्या रूपातला कॅब आणि बेटी एकत्र गातात, नाचतात, म्हणजे एवढं अंतर कमी झालं, पण म्हातारा लंपट खलनायक आहे हे विसरू नका. मग १९३४ च्या जुलैपासून सेन्सॉरचे नियम कडक झाले, बेटीचा झगा लांब झाला, ती घर सांभाळणारी झाली, आणि असली गुहा परत कोणी दाखवली नाही. कॅब मात्र पुढेही गात राहिला, १९८० मध्ये ‘द ब्लूज ब्रदर्स’ सिनेमात सत्तरी ओलांडलेला हा माणूस तेच गाणं म्हणतो आणि पब्लिक तशीच झील धरते.

हे कार्टून नेटवर सहज सापडतं. टीव्हीसाठी विकताना सुरुवातीच्या नावांच्या पाट्या बदलल्या होत्या, त्यामुळे कुठे पॅरामाउंटचं नाव दिसेल कुठे नाही, त्यावरून गोंधळू नका. बघताना एक करा, गुहेचा भाग आधी आवाज बंद करून बघा. सांगाडे, मांजरी, कैदी हे आवाजाशिवाय नुसते मजेशीर वाटतात, वॉलरसचा मात्र ठेका तेवढ्यातही कळतो, कुठे थांबला आणि कुठे उचललं ते पायावरूनच समजतं. मग आवाज चालू करून सुरुवातीचा खऱ्या कॅबचा तुकडा आणि वॉलरस पाठोपाठ लावा, आणि डाव्या खांद्याकडे बघा.